बोटीत न चढलेला शब्द

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आलं की मला कुणी ना कुणी विचारतंच, "काय मॅडम, यंदा कोण्या बेटावर?" विचारणारा हसू दाबत असतो. मीही सोडत नाही. "तुम्ही तिकीट काढून द्या, आजच निघते," म्हणते. मलकापुरात आमच्या घरासमोरून मार्केटकडे सोयाबीनच्या ट्रॉल्या जायला लागतात, रस्त्यावर दाणे सांडतात, घसा खवखवणारी ती कोरडी धूळ खिडकीच्या गजांवर बसते आणि सगळ्या गल्लीला आठवतं, की एका साली ही बाई ऐन सोंगणीत समुद्रापलीकडे फिरायला गेली होती. बापाला जाऊन वर्ष झालं नव्हतं, भाऊ मागे लागला होता, आणि ही तिकडे मॉरिशसला! होय, गेले होते. तेच दिवस पुन्हा आले तर पुन्हा जाईन.

मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. जन्मभर चौथीच्या पोरांना ज्वालामुखी शिकवला. फळ्यावर मी काढलेला ज्वालामुखी पेरणीच्या पालथ्या चाडीसारखा दिसायचा, त्यातून लाल खडूने लाव्हा ओघळायचा, आणि मी मोठ्या रुबाबात सांगायचे, "पोरांनो, आपण बसलोय ना, ही सगळी जमीन एके काळी आगीचा रस होती. तो थिजला, त्याचा काळा दगड झाला, दगड झिजून काळी माती झाली." पहिल्या बाकावरच्या पोरी हळूच पाय वर घेऊन बसायच्या. मला हसू यायचं. पण खरं सांगते, मी स्वतः कधी टेकडीएवढाही ज्वालामुखी पाहिला नव्हता. मी पाहिले होते ते फक्त गोटे.

गोटे मात्र पोटभर पाहिलेत. माझं माहेर उंद्रीचं. बाबांचं वावर दोन तुकड्यांत: एक नाल्याकाठची काळी कसदार जमीन आणि एक टेकाडावरचं बरड. बरड म्हणजे मुरूम, गोटे आणि मधूनमधून लाजेकाजेपुरती माती. ज्याच्या घरी नुसतं बरड असे, त्या घरात पोरगी द्यायला लोक कचरायचे. उन्हाळ्यात वखर घालायच्या आधी माय आणि मी त्या टेकाडावर गोटे वेचायला जायचो. माझा भाऊ सुधाकर तेव्हा रांगताही नव्हता, पळसाच्या बुडाशी झोळीत झोपलेला असायचा. गोटे वेचायची एक रीत असते. मोठे आधी उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तळाला मांडायचे. मग मुठीत मावणारे टोपल्याने त्यांच्यावर ओतायचे. म्हणून ढीग खाली रुंद होतो आणि वर निमुळता. पुढच्या उन्हाळ्यात पाहावं तर तेवढेच गोटे पुन्हा वर आलेले. मी वैतागून विचारायचे, "माय, हे गोटे सरत काऊन नाहीत व?" माय कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची आणि म्हणायची, "जमीनच जणते त्याईले बाई. आपून काय करावं?"

बोटांची टोकं सोलून निघायची. संध्याकाळी माय त्यांना गोडेतेल लावायची आणि मी ओरडू नये म्हणून मलाच ओरडायची. माझी लग्नगाठ बांधली गेली तोवर धुऱ्यावरचा ढीग माझ्या डोक्याएवढा उंच झाला होता. पुढे माय गेली. बाबांनी, मग सुधाकरने टेकाड तसंच टाकून दिलं. "फुकाचं वावर," सुधाकर म्हणायचा.

बाबा गेले त्या साली राखीला मी उंद्रीला गेले होते. जेवणं झाली, रेखाने ताटं उचलली. रेखा म्हणजे माझी भावजय, सुधाकरची बायको. सुधाकर सुपारी कातरत होता. कातरता कातरता, वर न पाहता बोलला, "ताई, सातबाऱ्यावर तुहं बी नाव लागलं."

"लागणारच. बाबांची मी कोण होते मग?"

"तसं नाही व. तू हक्कसोड करून दे. दिवाळीच्या अंदर होऊन जाऊ दे. साऱ्याच बहिणी देतात."

रेखा मोरीच्या दारातून म्हणाली, "भाऊबीजेले झकास पैठणी घेऊन देऊ ताई तुम्हाले."

"आणि नाही दिली तर?"

सुधाकरची अडकित्त्यातली सुपारी निसटली. रेखाच बोलली. "मंग माहेर कायचं राह्यलं?"

शिकवायची सवय हाडात मुरली की माणूस शब्द सोलून पाहतो. मलकापूरला परत येताना एसटीत मी तो शब्द मनात म्हणून पाहिला. हक्क. सोड. अहो, हा शब्द नाहीच, हा हुकूम आहे! कुत्र्याने चप्पल तोंडात धरली की आपण ओरडतो ना, सोड, सोड म्हटलं ना, तसा. आणि भावाने कधी बहिणीला हक्कसोड करून दिल्याचं तुम्ही ऐकलंय? मी तरी नाही. व्याकरणातसुद्धा ती 'ती'च. ती हक्कसोड. आमच्याकडे ती करण्यासाठी बहिणीला फार गोड बोलावून नेतात, नवं लुगडं नेसवतात, सही झाली की पेढा भरवतात. सही न करणारीला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

लोक म्हणाले, मॅडमला काय कमी आहे? पेन्शन आहे, नवऱ्याचं बरं चाललंय, पोरगी पुण्याला कमावते. बरोबर आहे, मला काही कमी नाही. पण कमी असलं तरच आपलं मागायचं, हा नियम सुधाकरला कोणी लावला होता का? तरीही मी मनातून डगमगले होते. माहेर तुटणं म्हणजे काय असतं ते बाईलाच कळतं. सगळं ठीक चाललेलं असतानाही वर्षातून दोनदा तरी मला त्या ओट्यावर जाऊन बसावंसं वाटतं. बसून काही करायचं नसतं, नुसतं बसायचं. एका सहीत ते टिकणार असेल तर करून टाकू, असं मी आमच्या यांना बोलूनही दाखवलं होतं. ते म्हणाले, "तुहं तू पाह्य." सगळं आयुष्य त्यांनी मला हेच सांगितलंय. कधी राग येतो, कधी बरं वाटतं.

त्यातच पल्लवीचा फोन आला. पल्लवी म्हणजे आमची पोरगी. तिला दसऱ्यानंतर सुट्टी मिळत होती. "आई, आयुष्यभर ज्वालामुखी शिकवलास. एकदा बघून तरी ये. मॉरिशसला जाऊ. सगळं बेटच ज्वालामुखीचं आहे." आमच्या यांना विमानाची भीती. ते खुशीने घर राखायला तयार झाले.

उंद्रीला बातमी पोचली आणि सुधाकरचा फोन आलाच. "सोंगणी चालू हाये अन् तू फिराले जाऊन राह्यली? बाबाले वर्ष नाही झालं. लोक काय म्हणतीन?"

मी विचारलं, "सोंगणीला मी शेवटची कधी आले होते रे? तुला इळा धरायला माणूस पाहिजे की सहीला?"

फोन रेखाने घेतला. "पण ताई, या वयात बाईमाणसानं समुद्र पाहून काय करा लागते?"

"पुरुषमाणूस पाहून काय करतो? तेच," म्हटलं आणि फोन ठेवला. मग रागारागाने धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं, प्रवासासाठी.

तिथे आम्ही मीराबाईंच्या घरी उतरलो. पल्लवीने ते घर मुद्दाम शोधलं होतं, कारण या बाईंचं घराणं मराठी. त्यांच्या आजीची आजी कोकणातून बोटीत बसून ऊसमळ्यांवर कामाला आली होती, ते लोक मग तिकडचेच झाले. बाई माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, गळ्यात मंगळसूत्र आणि पायात बूट. स्वतःची गाडी स्वतः चालवत. मराठी थोडं देवळात शिकलेलं, थोडं आजीकडून उचललेलं. सावकाश, एकेक शब्द निवडून बोलायच्या. मला त्यांचं बोलणं फार आवडलं. आपल्या भाषेला कोणी इतकं जपून हात लावताना मी आधी ऐकलं नव्हतं.

पहिल्या सकाळी ज्वालामुखी. मी नवी साडी नेसले होते, हसू नका. शाळा तपासायला साहेब येणार असल्यासारखी छाती धडधडत होती. गाडी एका शहराच्या मधोमध चढावर थांबली. समोर मोठा गोल खळगा, त्यात गच्च झाडी, तळाशी शेवाळलेलं थोडं पाणी. काठाकाठाने गोल रस्ता आणि त्यावर लोक बूट घालून फेऱ्या मारतायत, कुत्रे फिरवतायत. माझा लाल खडू कुठेच नव्हता. मला इतका राग आला! एवढी दूर आले, हंगाम सोडून आले, भावाचं ऐकून घेऊन आले, आणि हा बाबा झाडं पांघरून पडलाय! मी कठड्याला धरून म्हणाले, "अरे, काहीतरी कर की."

पल्लवी हसून हसून खाली बसली. मीराबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "तो झोपला आहे. मेला नाही. शाळेत आम्हाला असं शिकवतात."

झोपला आहे, मेला नाही. मी पुन्हा वाकून पाहिलं. आता जरा आदराने पाहिलं. ऊन छान पडलं होतं, वारा होता, आणि मला उगीचच बरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी रंगीत मातीचा डोंगर. हे तिथलं फार नावाजलेलं ठिकाण. रांगेत उभं राहायचं, तिकीट काढायचं आणि लाकडी कठड्यामागून बघायचं. मी पाहिलं. तांबडी, तपकिरी, जांभळट, पिवळी माती, उंचसखल पसरलेली, आणि तिच्यावर गवताची काडी नाही. ज्वालामुखीचा दगड झिजून झालेली ही माती, इथे काही उगवत नाही, असं मीराबाई सांगायला लागल्या आणि माझ्या तोंडून इतक्या मोठ्यांदा निघालं की चार गोरी माणसं वळून बघायला लागली. "अगं बाई, हे तर बरड!"

"आई, हळू," पल्लवी म्हणाली.

"हळू काय? आमच्या बरडाला कोणी पोरगी देईना आणि इथे बरडाला तिकीट!"

आणि मग मी तेच केलं जे वऱ्हाडातलं कुठलंही शेतकऱ्याचं लेकरू करेल. कठड्यातून हात घातला, चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि नाकाशी नेली. पाऊसपाणी झालेली माती कशी, वांझ माती कशी, हे वासावरून सांगायची बाबांची सवय मला लागलीय. लगेच शिट्टी वाजली. एक तरणाबांड पहारेकरी धावत आला आणि हातवारे करून मला माती खाली टाकायला लावली. पल्लवीचं तोंड त्या मातीपेक्षा रंगीत झालं. बाहेरच्या दुकानात हीच माती काचेच्या नळ्यांमध्ये भरून विकायला ठेवली होती. मी नळी हातात धरून उभी राहिले आणि मला सुधाकर आठवला. फुकाचं वावर म्हणायचा ना? मग त्या फुकाच्या वावरावरून माझं नाव खोडायची एवढी घाई कशाला? बहिणीने हात लावेपर्यंत बरड असतं, हात लावला की लगेच सोनं होतं वाटतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्याकडे निघालो. दोन्हीकडे ऊस, तोड चालू होती, हवेत पाचटाचा गोडसर वास. आणि उसाच्या फडात मध्येच काळ्या दगडांचे ढीग. साधेसुधे नाहीत, घराएवढे. काहींवर वेली चढलेल्या. पल्लवीने विचारलं, "आई, हे ज्वालामुखीने उडवलेले दगड का गं?"

माझं लक्ष ढिगाच्या तळाकडे होतं. "गाडी थांबवा," मी मीराबाईंना म्हणाले.

उतरले, साडी खोचली, ढिगाजवळ गेले. तळाला मोठे धोंडे, नीट मांडलेले. वर जावं तसे लहान होत गेलेले. अगदी टोकाला मुठीत मावणारे. काळे, भोकाभोकांचे, ओळखीचे. ज्वालामुखी एवढा शिस्तीचा नसतो हो! ही माणसाच्या हाताची रीत होती. मी वळून विचारलं, "कोणी वेचले?"

मीराबाई गाडीतून उतरून जवळ आल्या. बहुतेक, असं त्यांना आधी कोणी विचारलं नसावं. मग म्हणाल्या, "आपल्या लोकांनी. माझ्या आजीची आजी पण. जमीन साहेबाची. ऊस साहेबाचा. दगड आपण वेचले."

मला रडू फुटलं. भर उन्हात, परक्या मुलखात, उसाच्या फडात मी मोठ्यांदा रडले आणि रडता रडता मला भयंकर संताप आला. कोणाच्या बोटांची टोकं सोलली होती, कोणाची झोळी कोणत्या झाडाला टांगली होती, कुठेच काही लिहिलेलं नाही. ढीग राहिले, वेचणाऱ्या गेल्या. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख आलं, की मीही चारच दिवसांनी घरी जाऊन तेच करणार आहे. आपल्याच हाताने सही करून, माझे गोटे बिननावाचे करणार आहे. पल्लवी पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटलं मला आजीची आठवण आली. तीही आली होतीच.

त्या बेटाभोवती समुद्रात प्रवाळाचं कुंपण आहे. त्यामुळे बाकी सगळ्या किनाऱ्यांवर पाणी कसं शहाण्यासारखं असतं, निळं, हलकं, फोटोतल्यासारखं. दक्षिणेला एका जागी ते कुंपण तुटलंय, आणि तिथे समुद्र सरळ येऊन काळ्या कड्यावर डोकं आपटतो. तिथे कड्याला आरपार भोक पडून दगडाचा एक पूल तयार झालाय. वर कमान, खाली उकळतं फेसाळ पाणी. लाट आली की पायाखालची जमीन गुरगुरते. पल्लवीने माझा पदर धरला. "आई, पुढे नको." मी पदर सोडवून घेतला आणि आणखी थोडी पुढे गेले. कडेपर्यंत नाही, वेडी नाही मी. पण तुषार तोंडावर येतील इतकी गेले. हा आपलाच दगड होता. उंद्रीच्या विहिरीत लागतो तो, टेकाडावर वर येतो तो. आमच्याकडे तो गुमान पडून असतो. इथे समुद्राचे तडाखे खातोय आणि जागचा हलत नाहीये. मला इतका अभिमान वाटला, माझ्या नात्यातलाच कोणी असल्यासारखा.

नेमका तेव्हा फोन वाजला. सुधाकर. मागे थ्रेशरची घरघर.

"ताई, कुठी हायेस?"

"कड्यावर!"

"कोणाच्या वाड्यावर?"

"कड्यावर रे! समुद्राच्या कड्यावर!"

"बरं, ते जाऊ दे. कागद तयार हाये. आली की सरळ चिखलीले रजिस्ट्री ऑफिसात ये. सही करून टाक."

"काय?"

"सही! सही!"

एक लाट कमानीखालून घुसली आणि मी कमरेपर्यंत भिजले. "ऐकू येत नाही!" मी ओरडले. तेव्हा खरंच ऐकू आलं नव्हतं. त्याने पुन्हा सांगितलं. "ऐकू येत नाही रे!" पुन्हा सांगितलं. आता लाट ओसरली होती, थ्रेशरही थांबला होता, शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. "ऐकू येत नाही," मी शांतपणे म्हणाले आणि फोन पिशवीत टाकला.

त्या संध्याकाळी मीराबाईंच्या पडवीत आम्ही चहा पीत बसलो होतो. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी त्यांना एकेक शब्द विचारायला लागले, बघू तरी बोटीतून काय काय आलंय.

"बांगडी?" त्यांनी हात वर करून दाखवला.

"चूल?" हो. "आरती?" हो, सगळी पाठ. "पुरणपोळी?" हो हो. "भाऊबीज?" "हो. भावाला ओवाळते. तो पैसे देतो, कमी देतो." आम्ही हसलो. "माहेर?" "आईचं घर."

"हक्कसोड?"

"काय?"

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पल्लवीने इंग्रजीत समजावून सांगितलं: वडील गेले की बहीण सही करते, मला काही नको म्हणते, जमीन भावाची होते. मीराबाईंनी कप खाली ठेवला. "पण का?"

जन्मभर पोरांच्या 'का'ला उत्तर दिलेली बाई मी, आणि सुधाकरचंच वाक्य म्हणाले, "साऱ्याच बहिणी देतात."

"भाऊ पण मूल. मी पण मूल," त्या म्हणाल्या. "आजोबांनी नंतर जमीन घेतली. दगडाची, स्वस्त. बाबा गेले, सगळ्यांना भाग झाला. मला पण."

"भाऊ काही बोलले नाहीत?"

"बोलले! खूप भांडलो. खूप दिवस बोललो नाही. मग बोललो."

बांगडी बोटीत चढली, चूल चढली, आरत्या चढल्या, भाऊबीजसुद्धा चढली. हा एक शब्द चढला नाही. कसा चढणार? बोटीत बसलेल्यांकडे सोडायला होतंच काय? तो राहिला काठावर, आमच्यासाठी. आम्ही तो जपला, त्याला पैठणी नेसवली, पेढा भरवला. आणि तीच आरती म्हणणारी, तेच कुंकू लावणारी ही बाई त्या शब्दावाचून मजेत जगतेय, भावाला ओवाळतेय आणि ओवाळणी कमी दिली म्हणून कुरकुरतेय. मग माझंच माहेर तेवढं काचेचं आहे का? मी तिथेच, चहाचा कप हातात असताना ठरवलं.

परत आले ती घरी बॅग टाकून दुसऱ्याच दिवशी उंद्रीला. चिखलीला नाही, उंद्रीला. वावरात सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे गंज्या, लागल्या होत्या, मळणी चालू होती, कुटाराची धूळ उडत होती. सुधाकर डोक्याला रुमाल बांधून उभा होता. मला पाहून खूश झाला बिचारा, त्याला वाटलं सही करायलाच आले.

"सुधा, मी हक्कसोड देणार नाही," मी म्हणाले. "मला टेकाड पाहिजे. वाटणीत, माझ्या नावावर, वेगळा सातबारा."

"टेकाड? त्या बरडाचं काय करशील?"

"तिकीट लावीन."

त्याला काही कळलं नाही. कळायला नकोच होतं. "बरडच पाहिजे होतं तर एवढा तमाशा काऊन?" तो चिडून म्हणाला.

"तमाशा तू मांडलास. थेट मागितलंस, विचारलं नाहीस." माझा आवाज चढला होता, मजूर बाया हात थांबवून ऐकत होत्या. ऐकू दे. "नाल्याकाठची निम्मी काळीही माझी होते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ती तू ठेव. पण ज्या वावरातले गोटे मी वेचलेत, तिथून माझं नाव तुला खोडू देणार नाही. तू झोळीत होतास तेव्हा."

तो थ्रेशरकडे वळला तो वळलाच. महिने गेले, नोटिसा झाल्या, जबाब झाले, आणि टेकाड माझ्या नावावर झालं. त्या काळात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. चुलत्यांनी एका लग्नात पाठ फिरवली. एका मावशीने भर मांडवात विचारलं, "भावाचं घेऊन पोट भरलं का व?" मी म्हटलं, "नाही मावशी, अजून जेवायचं आहे." पण घरी येऊन मी उशीत तोंड घालून रडले, हेही सांगून टाकते. मिजास सगळी बाहेर, घरात आपलं आपल्याला भोगावंच लागतं.

आता टेकाडावर सीताफळं लावलीत, मधल्या पट्ट्यांत तूर. सुट्टीला पल्लवी येते, आम्ही मायलेकी तिथे भाकर खातो. गोटे अजून वर येतातच. नाल्याकाठच्या वावरात जायची वाट माझ्या धुऱ्यावरूनच आहे. सुधाकर बैलजोडी घेऊन जातो, मान खाली घालून. मी वाट अडवली नाही, अडवणारही नाही.

भाऊबीजेचं म्हणाल तर पहिल्या वर्षी बोलावणं आलं नाही. मी गेले. बोलावलं तरच जायचं असेल तर ते माहेर कसलं, ती पंगत झाली. ताट घेऊन त्याच्यापुढे बसले. त्याने टोपी घातली, तोंड भिंतीकडे केलं, पण कपाळ पुढे केलं. मी ओवाळलं, त्याने ताटात नोट ठेवली. रेखाने चहा दिला तो जमिनीवर ठेवून दिला, हातात नाही. दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी त्याने तोंड भिंतीकडे केलं नाही, माझ्याकडे पाहिलं. एवढंही मला रात्रभर पुरलं.

गेल्या दिवाळीत ओवाळून झालं, चहा झाला. सुधाकर आत टीव्हीसमोर जाऊन बसला. मी ओट्यावर येऊन चप्पल घालत होते, तर रेखा मागून आली. हातात शेवग्याच्या शेंगा, मला द्यायचं निमित्त. शेंगा दिल्या, पण ती हलेना. मग आत एकदा बघून, हळू आवाजात म्हणाली, "ताई, जरा थांबा ना."

मी थांबले. एवढ्या वर्षांत ती मला थांबा म्हणाली नव्हती.

"वरवट बकालहून भावाचा फोन होता माह्या. कागद तयार केला म्हणे त्यानं. मंगळवारी सहीले बोलावलं." तिचं माहेर तिकडचं, बाप दोन महिन्यांपूर्वी गेलेला. "चार एकर हाये आमचं. भेंडी, वांगे, सारं मीच खुडत जाओ लग्नाच्या आधी." पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"मग?"

"मंग काय. झोपच नाही लागून राह्यली." तिने पुन्हा आत पाहिलं. टीव्हीचा आवाज मोठा होता. "ताई, तुम्ही याईले नाही म्हणाल्या ना त्या दिवशी, वावरात… तवा पहिला शब्द कोणचा काढला व तोंडातून? मले तेवढाच सांगा. पुढचं मी पाह्यतो."

मी पायातली चप्पल काढली आणि ओट्यावर तिच्याजवळ बसले.